एक्केचाळीस सह्या आणि एका दिवसाची रजा

'कुलूपबाई' हे नाव कात्रीनेच काढलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कोणी म्हणायला नको की ती बिचारी हुकमाची ताबेदार, तिला कशाची कल्पना! होती कल्पना. चहाचा कप हातात धरून दोन मिनिटांत तिने ते नाव काढलं, आणि अख्खी प्रचार कचेरी टाळ्या देऊन हसली. तीही हसली.

कात्री म्हणजे प्रचाराच्या फिल्मा कापणारी आणि जोडणारी. खरं नाव काय ते फक्त पगाराच्या कागदावर होतं. कचेरी एका फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी तिथे नाचाचे क्लास चालायचे, त्यामुळे एक भिंत सगळी आरशाची. रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांना सतत आपलीच ओढलेली तोंडं बघत बसावं लागायचं, ही एक वेगळीच शिक्षा होती.

राज्याची निवडणूक नऊ दिवसांवर आली होती आणि ही मंडळी काठावर होती. समोरची उमेदवार बाई जन्मभर बँकेत काढलेली. शाखेतल्या साध्या टेबलापासून चढत चढत मुख्य कचेरीच्या वरच्या मजल्यावर पोचली, तिथून राजीनामा देऊन राजकारणात उतरली. हुशार, नीटनेटकी, आवाज कधी चढत नाही. अशा माणसाला पकडायचं कुठे? मग कोणीतरी जुने कागद आणून दिले. सव्वीस वर्षांपूर्वी काचेचा कारखाना बंद पडला, त्याच्या मागच्या वस्तीतल्या लोकांचे हप्ते थकले, आणि बँकेने एक्केचाळीस घरांना कुलपं ठोकली. एक्केचाळीस नोटिसा, तारीख एकच, आणि प्रत्येकीवर सही ह्या बाईची, म्हणून ती 'कुलूपबाई'.

पहिल्यांदा तिला भर सभेत विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सही माझी आहे." पुढे एक शब्द नाही. रडणं नाही, कारणं नाही, 'वरून हुकूम होता' वगैरे तर अजिबात नाही.

"अरे, कबूल केलं की हो बाईने!" तातडी खुर्चीवरून उडालाच. तातडी म्हणजे प्रचाराचा मुख्य माणूस. सतत खिशातून पित्ताच्या गोळ्या काढून चघळायचा आणि त्याला सगळं तातडीने हवं असायचं, म्हणून ते नाव. "आता फक्त आतला माणूस पाहिजे. बँकेतलाच, म्हातारा, स्वच्छ. ज्याच्याकडे बघून वाटलं पाहिजे की हा खोटं बोलूच शकत नाही. तातडीने शोधा!"

"माझे वडील आहेत," कात्री म्हणाली.

आणि ती हे फुशारकीने म्हणाली. का नाही म्हणायचं? नानांचं एक वाक्य होतं, ते ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. "छत्तीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या सहीने एकाही घराला कुलूप लागलं नाही." पाहुणे आले की नाना हे म्हणायचे, आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही बोलता बोलता म्हणाले होते. नाना त्याच शाखेत होते, त्याच काळात होते. कात्रीने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं की कागद पुढे आला तेव्हा नानांनी तो बाजूला सारला आणि सांगितलं, जमणार नाही. असे वडील असले की माणूस जरा ताठ चालतो.

नानांनी आधी आढेवेढे घेतले. मग एकच विचारलं, "मला तिचं नाव घ्यावं लागेल का?"

"नाही हो. तुमचं ते नेहमीचं वाक्य म्हणा फक्त."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि कपाटातून निळ्या रेघांचा शर्ट काढून स्वतः इस्त्री करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कचेरीत चित्रीकरण झालं. नाना खुर्चीवर ताठ बसले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि एका दमात वाक्य म्हणाले. पहिल्याच टेकमध्ये. तातडीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. निघताना कात्रीने नानांना जिन्यापर्यंत सोडलं.

"शर्ट धुवायला टाकू नका हं. रिटेक लागला तर हाच घालावा लागेल, नाहीतर लोकांना लगेच कळतं."

"बरं बाई," नाना म्हणाले. ते जिना जरा सावकाश उतरले, पण बहात्तर वर्षांचा माणूस सावकाश उतरणारच, असं तिला वाटलं.

मग ती यंत्रावर बसली. तातडीने बजावलं होतं, संध्याकाळी सहाच्या आत फिल्म सगळीकडे गेली पाहिजे, सहाच्या वर एक मिनिट नाही. तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. एकावर एक नोटिसा पडत जातात, एक्केचाळीस, मग शेवटची नोटीस जवळ येते, अजून जवळ, सही पडदाभर होते, कुलूप बंद झाल्याचा आवाज, आणि एकदम नानांचा चेहरा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायलाच हवा.

तिने सही मोठी केली. खाली छापलेलं होतं, 'शाखा व्यवस्थापक'. आणि त्या छापील अक्षरांच्या बाजूला, पेनाने, बारीक अक्षरात लिहिलेलं, 'करिता'.

आधी तिने लक्ष दिलं नाही. मग दिलं. बँकवाल्याची मुलगी ती, तिला 'करिता' म्हणजे काय ते शाळेत असल्यापासून ठाऊक. मॅनेजर जागेवर नसला की त्याच्या खालचा माणूस त्या दिवसापुरता खुर्चीवर बसतो आणि मॅनेजरकरिता सही करतो. म्हणजे बाई त्या दिवशी मॅनेजर नव्हतीच. मग मॅनेजर कोण होतं?

घरी दाराजवळ एक पितळी घड्याळ टांगलेलं होतं. नानांची त्या शाखेतून बदली झाली तेव्हा कर्मचाऱ्यांनी दिलेलं. त्याखाली कोरलं होतं, 'आमच्या मॅनेजरसाहेबांना सप्रेम'. आपण हे घड्याळ रोज बघतो आणि आपल्या टाळक्यात कधी काही शिरलं नाही, असं वाटून ती स्वतःवरच चिडली. पण असेल काही कारण. सभा असेल, दौरा असेल. एवढ्यात काय घाबरायचं?

आता तारीख. तारीख पडद्यावर ठळक टाकायची होती. तिने नोटिशीकडे बघत एकेक आकडा टाइप केला आणि शेवटच्या आकड्यावर तिचं बोट तसंच राहिलं. ही तारीख तिला पाठ होती. कुठली, ते आठवायला अर्धं मिनिट लागलं. आठवलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ती उठली, पर्स घेतली आणि तातडी "अहो, कुठे? कुठे?" करत राहिला तरी मागे न बघता जिना उतरली.

घरी फ्रिजच्या वर एक फोटो होता. तळ्यावरची नाव, नावेत आठ वर्षांची कात्री हातात तिच्याहून मोठं वल्हं घेऊन, आणि शेजारी नाना तोंडभर हसताना. आईने काढलेला. जुन्या कॅमेऱ्यांत तारीख आपोआप छापली जायची तशी कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. रोज सकाळी दूध काढताना तिची नजर त्या आकड्यांवरून जायची. तिच्या लहानपणातला सर्वांत आनंदाचा दिवस होता तो. एरवी सुट्टीच्या दिवशीही फायली घेऊन बसणाऱ्या नानांनी चक्क मंगळवारी रजा टाकली होती, तिची शाळा बुडवली होती, आणि तिघं मिळून तळ्यावर गेली होती. कचेरीत कितीदा तरी तिने हे रंगवून सांगितलं होतं. विशेषतः तो फोन. सकाळी नानांनी बँकेत फोन लावला, आवाज पार खोल नेला, ताप भरलाय म्हणाले आणि खोटं खोटं खोकले. कात्रीला हसू आवरेना, तर नानांनी डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. तिने तोंडात फ्रॉकचा कोपरा कोंबला होता. बापलेकीचं पहिलं गुपित ते.

ती आत आली तेव्हा नाना जेवणाच्या टेबलाशी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले होते, त्याच निळ्या रेघांच्या शर्टात. तिने फोटो खाली काढला आणि कोड्यावर ठेवला.

"नाना, ह्या दिवशी तुम्हाला ताप होता?"

नानांनी फोटो बघितला. मग पेनाला टोपण लावलं. "अगं, तू आठ वर्षांची होतीस तेव्हा."

"माझं वय नाही विचारलं मी."

कात्रीला एक जुनी गोष्ट आठवली. नाना बँकेतल्या गमती सांगायचे त्यातली एक होती, 'खुर्चीचा ताप'. घरं बंद करायची यादी वरून आली की जो खुर्चीवर असेल त्या साहेबाला नेमका त्याच दिवशी ताप भरायचा. मग त्याच्या खालच्याला भरायचा. मग वरच्यांना कंटाळून दुसरा माणूस पाठवावा लागायचा, तेवढ्यात आठवडा निघून जायचा, कोणीतरी हप्ता भरायचा, एखादं घर वाचायचं. नाना हे दुसऱ्या साहेबांची नावं घेऊन, त्यांच्या नकला करून सांगायचे. घरात हसून हसून पुरेवाट व्हायची.

"यादी आदल्या दिवशी बँक बंद होताना आली," नाना म्हणाले. ते टेबलाकडे बघत बोलत होते. "बारा वाजेपर्यंत सह्या करून परत पाठवा, म्हणून चिठ्ठी. त्यातल्या निम्म्या लोकांना कर्ज मीच दिलं होतं. त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायलो होतो मी. मला घराची एकेक खोली दाखवली होती त्यांनी."

"मग नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं असतं तर आठवड्यात बदली. तुझ्या आईचं औषधपाणी चालू होतं इथे, तुझी शाळा."

"मग करायची होती सही."

"ती होईना गं माझ्याच्याने."

"म्हणून तिला दिलीत."

"दिली नाही!" नानांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मला वाटलं तीही रजा टाकेल. सगळे तेच करायचे. खालपर्यंत सगळे. पण ती सहा महिन्यांपूर्वीच शाखेत नवीन आली होती. तिला आमची ती रीत कोणी सांगितलीच नव्हती. कोण सांगणार? ती मॅनेजरने सांगायची गोष्ट. आणि मॅनेजर मी."

कात्री धपकन समोरच्या खुर्चीत बसली. "त्या सकाळी फोन तिने उचलला होता?"

नानांनी मान हलवली. "'काळजी घ्या साहेब, मी बघते,' म्हणाली. मला वाटलं, बघते म्हणजे काय बघणार ही. आणि दुसऱ्या दिवशी मी गेलो तर टेबलावर सह्या केलेल्या नोटिशींच्या प्रतींचा गठ्ठा, वर मुख्य कचेरीची पोच लावून ठेवलेला. मला म्हणाली, ताप उतरला का साहेब?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"उतरला म्हणालो."

कात्रीला संताप आला, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतका. त्याहून जास्त राग कसला आला असेल तर त्या तळ्याचा. तो दिवस आता तिच्याजवळ उरलाच नव्हता. ती फ्रॉक तोंडात कोंबून हसत होती तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला एक अठ्ठावीस वर्षांची बाई काळजी घ्या म्हणत होती, आणि गिरमिटासारखं तेच ते तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

"वाक्य खोटं आहे का माझं?" नाना म्हणाले. "एकेक शब्द तपासून बघ."

"शब्द खरेच आहेत नाना. तिथेच तर सगळी गोची आहे."

"मग पाठव."

"तुमचं काढून टाकते मी फिल्ममधून."

"काढलंस की तो गोळ्या खाणारा विचारेल का काढलं म्हणून. काय सांगशील?" नानांनी फोटो उचलून तिच्या हातात दिला. "ह्या वयात मला उघडा पाडू नकोस, बाळ. एवढं एकच वाक्य आहे माझ्याजवळ."

ती कचेरीत परत गेली. तातडी आरशासमोर येरझाऱ्या घालत होता. तिने कुलपाचा आवाज बसवला, नानांचा चेहरा बसवला. 'करिता' हा शब्द पडद्याच्या चौकटीबाहेर जाईल एवढी सही अजून थोडी मोठी केली. त्याला किती वेळ लागतो? दोन सेकंद. सहाला पाच मिनिटं असताना तिने बटण दाबलं. सही बाईची होती, रजा नानांची होती, पण हे बटण मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि त्याचं खापर फोडायला दुसरं कोणी नव्हतं.

फिल्म वणव्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका दार वाजवून नानांचा हात हातात घेऊन गेले. औषधांच्या दुकानदाराने नानांकडून पैसे घ्यायचं नाकारलं. नाना परत आले, औषधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि नाश्त्याला हात न लावता बसून राहिले. बारा वाजता बाईची पत्रकार परिषद होती. कात्रीने तब्येत बरी नसल्याचं कळवून ती घरूनच बघायची ठरवली. आपण काय निमित्त सांगितलं हे तिच्या नंतर लक्षात आलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

दोघं टीव्हीसमोर बसली. नानांनी आवाज वाढवला, मग कमी केला, मग परत वाढवला. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती. बाईने एक वाक्य बोलायचं बाकी होतं. मॅनेजर हेच होते आणि त्या दिवशी खोटी रजा टाकून गेले होते. बस्स. नानांचं छत्तीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं असतं, आणि पुढच्या सात जन्मांत शेजारचे काका त्यांच्या दारात आले नसते.

बाई आली. साधी सुती साडी, हातात कागद नाही. दुसराच प्रश्न फिल्मवर आला. फिल्ममधले ज्येष्ठ अधिकारी तुमच्याच शाखेत होते, त्यांच्याबद्दल काय म्हणाल?

नानांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब आमचे मॅनेजर होते," बाई म्हणाली. "मी काम त्यांच्याकडून शिकले. ते म्हणाले ते खरं आहे, त्यांच्या सहीने एकाही घराला कुलूप लागलं नाही."

"मग त्या दिवशी सही त्यांनी का नाही केली?"

"साहेब आजारी होते. ताप होता त्यांना. म्हणून खुर्चीवर मी होते." तिने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. "सही माझी आहे. त्या एक्केचाळीस घरांचं उत्तर मीच द्यायचं आहे, दुसऱ्या कोणी नाही. पुढचा प्रश्न?"

वाचलो. कात्रीच्या मनात पहिल्यांदा हाच शब्द आला, लाज वाटली तरी आला. तिने नानांकडे बघितलं. एरवी अशा वेळी माणसाचा जीव भांड्यात पडतो. नानांचा चेहरा मात्र कोणी थोबाडीत मारावी तसा झाला होता.

"तिला ठाऊक असेल का गं?" नाना म्हणाले.

"काय?"

"मला ताप नव्हता ते."

"माहीत नाही, नाना."

"ठाऊक असूनही असं बोलली असेल तर वाईट." त्यांनी टीव्हीचा आवाज पार बंद केला. "आणि ठाऊक नसेल, सव्वीस वर्षं ती खरंच मानून चालली असेल, तर त्याहून वाईट."

तेवढ्यात कात्रीचा फोन वाजला. तातडीच्या आवाजात नुसता आनंद उकळत होता. "ऐकलंत ना? अहो, लॉटरी लागली! साहेब एक दिवस आजारी काय पडले, बाईने लगेच खुर्ची बळकावून एक्केचाळीस कुलपं ठोकली! साहेब जागेवर असते तर? हे साहेबांच्या तोंडून यायला पाहिजे. चार वाजता, थेट, सगळीकडे दिसेल. तातडीने घेऊन या त्यांना. आणि तोच शर्ट!"

फोनवरचं सगळं नानांना ऐकू जात होतं, तातडी बोलायचाच तेवढ्याने. कात्रीने फोनवर हात ठेवला. "मी सांगते त्याला, तुम्हाला बरं नाही म्हणून—"

"नको," नाना म्हणाले. "पुन्हा तेच कारण नको." ते उठले, शर्टाची बटणं वरपर्यंत लावली आणि कापडी पिशवी खांद्याला अडकवली. स्कूटरवर मागे बसल्यावर त्यांनी तिच्या खांद्याला धरलं, ती लहान असताना ती त्यांना धरायची तसं.

कचेरीत आरशासमोर गर्दी झाली होती. कात्री कॅमेऱ्यामागे उभी राहिली. चित्र चालू ठेवायचं की तोडायचं, ते बटण तिच्या उजव्या हाताखाली. तातडी तिच्या शेजारी, चौकटीच्या बाहेर. बरोबर चारला त्याने मधाळ आवाजात सुरुवात केली.

"साहेब, काल तुम्ही सगळ्या राज्याच्या मनात घर केलंत. आज समोरच्या उमेदवारांनी सांगितलं की त्या दिवशी तुम्ही आजारी होता. आम्हाला एवढंच सांगा, तुम्ही त्या खुर्चीवर असता, तर ती सही केली असती का?"

"छत्तीस वर्षं नोकरी केली," नाना म्हणाले, "पण माझ्या सहीने—"

सवयीनेच आलं ते तोंडात. कात्रीने क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा नाना थांबलेले होते. पडद्यावर थांबलेला माणूस फार वेळ थांबल्यासारखा वाटतो. तातडी हाताने 'पुढे, पुढे' करत होता.

"मला ताप नव्हता," नाना म्हणाले.

खोलीत कोणाचा तरी चहाचा कप बशीवर आपटला.

"मला काहीही झालेलं नव्हतं. ती यादी येणार तेव्हा आम्ही रजा टाकायचो, सगळेच टाकायचो. सही करायची हिंमत नाही आणि नाही म्हणायचीही नाही. मी फोनवर खोकलो आणि मुलीला घेऊन तळ्यावर गेलो. उमेदवार बाई तेव्हा नवीन होती, तिला ते ठाऊक नव्हतं. खुर्ची माझी होती. तिच्यावर आली ती मी उठून गेलो म्हणून."

"बंद करा," तातडी दातओठ खात कुजबुजला. "कात्री, तोडा ते! तातडीने तोडा!"

नानांनी पिशवीत हात घातला आणि फ्रिजवरचा तो फोटो बाहेर काढला. चौकटीसकट आणला होता. घरातून निघताना कधी उचलला, तिला कळलंही नव्हतं. त्यांनी तो छातीशी उभा धरला आणि सरळ कॅमेऱ्यामागे, तिच्याकडे बघितलं.

"तारीख जवळून दाखव गं जरा," ते म्हणाले. "लोकांना इतक्या लांबून दिसणार नाही."

तातडीने बटणाकडे हात टाकला. कात्रीने कोपराने त्याला असं ढकललं की त्याच्या गोळ्या आरशाच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेल्या. मग तिने चित्र जवळ घेतलं. अजून जवळ. कालच्या दुपारी त्या सहीला घेतलं होतं तसंच, हात तोच आणि वेगही तोच. वल्हं धरलेली मुलगी चौकटीबाहेर गेली, हसणारे नाना बाहेर गेले, आणि पडदाभर फक्त नारिंगी आकडे उरले. ह्या वेळी तिने चौकटीबाहेर काही लपवलं नाही. आकडे वाचून होईपर्यंत तिने चित्र तिथेच धरून ठेवलं, आणि मग सावकाश मागे नेत नानांच्या चेहऱ्यावर आणलं.

ते काही अजून बोलतील असं वाटलं होतं. पण ते तिच्याकडेच बघत होते, काम झालं की नाही हे विचारतात तसे.

"परत घ्यायचं का?" नानांनी विचारलं. थेट चाललंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. सगळ्या राज्याने ते ऐकलं.

"नाही नाना," कात्री कॅमेऱ्यामागून म्हणाली, आणि तिचाही आवाज सगळ्या राज्याने ऐकला. "झालं. घरी जाऊ या. आता शर्ट बदलला तरी चालेल."